पाठीवरचं पाणी

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, आणि ते कमी करण्याचा कुठलाही मार्ग नाही. तंबू हलका मिळतो, बूट हलके मिळतात, जास्त पैसे मोजले तर स्लीपिंग बॅगही अर्ध्या वजनाची मिळते. पाणी मात्र जेवढं न्याल तेवढं जड. म्हणून सॅक भरताना हात आखडतो तो नेमका पाण्यापाशी. ‘गडावर टाकं आहे’, ‘खालच्या वाडीत भरून घेऊ’, ‘सकाळीच तर निघतोय’ अशी मनाची समजूत घालून एखादी बाटली बाहेर काढून ठेवली जाते. उन्हात माणूस खचण्याच्या कितीतरी गोष्टी या बाहेर काढलेल्या बाटलीपासून सुरू होतात. बाकीच्या पुष्कळ गोष्टींचं कारण वेगळं असतं. पाणी सॅकमध्ये असतं, पण ते प्यायलंच जात नाही.

हायड्रेशन बॅग ही यातली दुसरी अडचण सोडवते. किती पाणी न्यायचं हे ती ठरवत नाही. नेलेलं पाणी चालता चालता, हात न गुंतवता, थोडं थोडं पिता यावं एवढी सोय ती करते. ही सोय मोठी आहे, पण तिचा खरा फायदा मिळतो तो आधी पाण्याचा हिशेब मांडणाऱ्याला. म्हणून या प्रकरणात आधी हिशेब, मग खरेदी, आणि शेवटी वापर व निगा असा क्रम ठेवला आहे.

बाटली असूनही तहान

बाटली साधारणपणे सॅकच्या बाजूच्या जाळीत किंवा आतल्या कप्प्यात असते. ती काढायची तर थांबायचं, एक पट्टा सोडायचा, सॅक पुढे ओढायची किंवा मागच्याला हाक मारायची. चढावर दम लागलेला असताना, गट पुढे सरकत असताना हे सगळं कोण करणार? घसाऱ्याच्या वाटेवर किंवा कातळटप्प्यावर तर दोन्ही हात धरण्यातच गुंतलेले असतात. मग पाणी पिणं पुढच्या विश्रांतीवर ढकललं जातं. विश्रांतीला बसलं की अर्धी बाटली एका दमात रिकामी होते. पोट जड होतं, लगेच चढायला घेतलं तर मळमळतं, आणि एकदम प्यायलेल्या पाण्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. तेच पाणी दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट असं घेतलं तर पोटाला जड होत नाही आणि शरीराच्याही जास्त कामी येतं.

हायड्रेशन बॅगमध्ये तीन भाग असतात. पाठीला लागून राहणारी मऊ प्लास्टिकची पिशवी, जिला ट्रेकर ब्लॅडर म्हणतात. तिच्या तळाशी जोडलेली आणि खांद्यावरून पुढे येणारी नळी. आणि नळीच्या टोकाला दातांनी दाबलं की उघडणारा तोंडाचा भाग, म्हणजे बाइट व्हॉल्व्ह. चावा, ओढा, सोडा. दात सैल केले की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. नळी तळाशी असल्यामुळे शेवटच्या घोटापर्यंत पाणी येतं, आणि पाणी संपत जाईल तशी पिशवी आक्रसत जाते.

सलाइनच्या पिशवीतून आलेली कल्पना

मऊ पिशवीतून पाणी वाहून नेणं आपल्याला नवं नाही. चामड्याच्या पखालीतून पाणी आणणारे पखालजी आपल्या गावांनी आणि छावण्यांनी शतकानुशतकं पाहिले. पखाल पाणी पोचवण्यासाठी होती. चालत्या माणसाने वाहता वाहताच पिण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती सोय झाली १९८९ साली, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. विचिटा फॉल्स या गावात भर ऑगस्टमध्ये शंभर मैलांची सायकल फेरी होते. ‘हॉटर अन हेल हंड्रेड’ या तिच्या नावातच तिथल्या उन्हाचं वर्णन आहे. मायकेल आयडसन हा हौशी सायकलपटू आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम करायचा. त्यामुळे सलाइनची पिशवी आणि नळी त्याच्या रोजच्या हाताखालची. त्याने अशी एक पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, तो मोजा जर्सीच्या पाठीवर जोडला, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपड्यांच्या चिमट्याने बंद केली. सायकलचं हँडल न सोडता पाणी पिता येऊ लागलं. यातूनच पुढे कॅमलबॅक हे नाव बाजारात आलं. सायकलस्वारांपाठोपाठ सैनिक, गिर्यारोहक आणि डोंगरात धावणारे यांनीही ही पिशवी उचलली. आज अनेक कंपन्या ती बनवतात, पण मूळ रचना तीच आहे.

शरीर किती पाणी खर्च करतं

चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा फार मोठा हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घालवायला शरीराकडे मुख्य साधन घाम. घाम त्वचेवरून वाळतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानापुढे, म्हणजे साधारण ३५ अंशांपुढे गेलं, की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते आणि सगळी भिस्त घामावर येते.

सह्याद्रीच्या दोन बाजूंना घाम दोन वेगळ्या तऱ्हांनी फसवतो. कोकणाकडून चढणाऱ्या वाटांवर हवा दमट असते. घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जातं आणि शरीर थंडही होत नाही. देशावर उन्हाळ्यात हवा कोरडी. तिथे घाम येताक्षणी वाळतो, कपडे कोरडे राहतात, आणि आपल्याला फारसा घाम आलाच नाही असं वाटत राहतं. दोन्हीकडे तूट होतेच.

मध्यम श्रमात माणसाला तासाला अर्धा ते दीड लिटर घाम येऊ शकतो. व्यक्तीगणिक हा आकडा बराच बदलतो, म्हणून आपला आकडा आपणच काढावा. त्याची रीत सोपी आहे. तासभर चालण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की दमसास आणि एकाग्रता घसरू लागते, असं क्रीडावैद्यक सांगतं. ७० किलोच्या माणसाला हे दोन टक्के म्हणजे १.४ लिटर. उन्हातल्या दोन तासांच्या चढावर एवढी तूट सहज होते.

वाटेचा हिशेब

निघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. किती तास? कोणतं ऊन? वाटेत भरवशाचं पाणी कुठे? गारव्यात मध्यम चालीला तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण ते एक लिटर, असं धरून चालावं.

कळसूबाई घ्या. बारी गावातून १,६४६ मीटरच्या शिखरापर्यंत आणि परत, सामान्य चालीने सहा-सात तास जातात. डिसेंबरच्या सकाळी निघालात तर तीन ते साडेतीन लिटर पुरेल. हाच चढ एप्रिलच्या दुपारी करायचा म्हटलं तर आकडा पाच लिटरच्या पुढे जातो. एवढं वजन न्यायचं, की पहाटे अंधारात निघून उन्हाआधी उतरायचं? हिशेबच सांगतो की वेळ बदला.

जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांची वाट पुण्यातले ट्रेकर बहुधा चांदण्या रात्री करतात. सुमारे १५ किलोमीटरची ही चढ-उताराची रांग, वेळ सहा ते आठ तास, आणि मध्ये भरवशाचं पाणी नाही. ऊन नसलं तरी चार लिटर धरावेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या वाटेचंही तसंच. दोन्ही गडांवर टाकी आहेत, पण मधल्या डोंगरदांडावर पाणी मिळेल असं धरून निघू नये.

महिना फार महत्त्वाचा. सह्याद्रीचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारांवरून वेगाने वाहून जातो. ऑक्टोबरमध्ये खळाळणारा झरा फेब्रुवारीत ओलसर दगड होऊन राहतो. ‘बारमाही पाणी’ असं पुस्तकात लिहिलेलं असलं तरी पायथ्याच्या गावातल्या मामांना विचारा. गुरं कुठे पाण्यावर जातात हे त्यांना आजचं ठाऊक असतं.

पिशवी निवडताना

हा हिशेब झाला की खरेदी सोपी होते. सगळ्यात आधी घरातली सॅक उघडून बघा. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बऱ्याच ट्रेकिंग सॅकमध्ये पाठीच्या बाजूला ब्लॅडरचा वेगळा कप्पा, वर अडकवायला हूक किंवा पट्टी आणि नळी बाहेर काढायला फट असते. तशी असेल तर नवी बॅग घ्यायची गरज नाही. नुसता ब्लॅडर घ्यावा. साधा ब्लॅडर काही शे रुपयांत मिळतो, तर नावाजलेल्या कंपनीच्या पूर्ण बॅगला काही हजार पडतात.

क्षमता. बाजारात दीड, दोन आणि तीन लिटरचे ब्लॅडर मिळतात. डोंगरात धावणाऱ्यांना दीड लिटर बरा. ते अंगाला घट्ट बसणारी जाकिटासारखी बॅग वापरतात आणि पुढच्या खिशांत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या ठेवतात. अर्ध्या दिवसाच्या भटकंतीला दोन लिटर, दिवसभराच्या ट्रेकला तीन. एकच घ्यायचा असेल तर तीन लिटरचा घ्यावा. तो अर्धा भरता येतो. दोन लिटरच्यात तीन लिटर मावत नाही. सॅक किंवा बांधा फार लहान असेल तरच दोनकडे वळावं.

तोंड. काही ब्लॅडरना गोल आट्यांचं झाकण असतं. ते नळाखाली धरून भरायला सोपं, पण आटे तिरके बसले तर गळतं, आणि आत हात घालून घासणं कठीण. दुसऱ्या प्रकारात वरची अख्खी कड उघडते आणि सरकपट्टीने बंद होते. त्यात बर्फ टाकता येतो, टाक्याकाठी मगाने पाणी ओतता येतं, आणि पिशवी उलटी करून धुता-वाळवता येते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत वाळवणं हीच खरी अडचण असते, म्हणून आपल्याकडे हा दुसरा प्रकार जास्त उपयोगी.

प्लास्टिक. चांगले ब्लॅडर बहुधा टीपीयू या लवचीक, मजबूत प्लास्टिकचे असतात. खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित आणि बीपीएमुक्त असल्याचा उल्लेख वेष्टनावर असावा. उघडताच उग्र वास मारणारी आणि कसलीच माहिती न छापलेली पिशवी स्वस्त असली तरी घेऊ नये. त्यातलं पाणी दिवसभर उन्हात तापून पोटात जाणार आहे.

नळी आणि व्हॉल्व्ह. नळी ब्लॅडरपासून सुटी होणारी असावी, म्हणजे सॅकमधून ओढून न काढता पिशवी भरता येते. बाइट व्हॉल्व्हच्या मागे चालू-बंद करणारी कळ हवीच. सॅक जमिनीवर किंवा गाडीच्या डिकीत आडवी टाकली की व्हॉल्व्ह दाबला जातो आणि सगळं पाणी गुपचूप वाहून जातं. कळ बंद असेल तर वाचतं. व्हॉल्व्हला टोपण असेल तर उत्तम, कारण घसाऱ्यावरून उतरताना नळीचं टोक मातीत लोळतंच. छातीच्या पट्ट्यावर नळी अडकवायचा चिमटा किंवा चुंबक असला की ती लोंबकळत नाही आणि कारवीच्या झुडपात अडकतही नाही.

बॅगेचं माप. पाण्याचं वजन पाठीवर बसतं, म्हणून माप चुकलं तर कंबर आणि खांदे दुखतात. मानेच्या पायथ्याशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतची लांबी मोजून घ्या आणि त्या मापाची बॅग बघा. छातीचा आणि कमरेचा पट्टा दोन्ही हवेत. स्त्रियांसाठी वेगळ्या वळणाचे खांद्याचे पट्टे काही कंपन्या देतात; ते घालून, वजन भरून, दुकानातच चालून बघावं. पाठीला हवा लागेल अशी जाळी किंवा खोबणी असेल तर आपल्या हवेत ती मोलाची.

घरी आणल्यावर ब्लॅडर काठोकाठ भरून, झाकण लावून, मोरीत आडवा ठेवा. वर एखादं जड पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. गळायचा असेल तर मोरीत गळू दे, कळसूबाईच्या शिडीवर नको.

भरणं आणि बांधणं

ब्लॅडर नेहमी आधी, रिकाम्या सॅकमध्ये बसवावा. सामान भरल्यानंतर तो कप्प्यात कोंबायला गेलं की तो अर्धवट दुमडतो, नळी मुरगळते आणि पाणी येत नाही. भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घ्या. हवा काढली की पाणी पाठीवर डुचमळत नाही आणि तोलही जात नाही. पाण्याचं वजन पाठीच्या कण्याला लागून राहील असं ठेवा. कपडे, जेवण वगैरे त्याच्या बाहेरच्या बाजूला. टोकदार वस्तू, चाकू, स्टोव्ह ब्लॅडरजवळ नको. मोबाइल आणि कोरडे कपडे वेगळ्या जलरोधक पिशवीत असावेत, कारण ब्लॅडर फुटला तर आधी तेच भिजतात.

उन्हाळ्यात रात्री ब्लॅडर अर्धा भरून, आडवा ठेवून, फ्रीजरमध्ये गोठवा आणि सकाळी उरलेला पाण्याने भरा. पाठीला गारवा मिळतो आणि पाणीही बराच वेळ थंड राहतं. उन्हात नळीतलं पाणी तापतं; पहिला घोट गरम लागला म्हणून पिणं टाळू नये. हिमालयातल्या थंडीत नेमकं उलट होतं. नळीतलं पाणी गोठतं आणि अख्खी पिशवी निरुपयोगी होते. तिथे नळीला उष्णतारोधक वेष्टन लावावं, आणि प्रत्येक वेळी प्यायल्यावर नळीत फुंकून पाणी पिशवीत परत ढकलावं.

या साधनाचा एक दोष कायम लक्षात ठेवायला हवा. पाणी दिसत नाही. बाटली बघितली की किती उरलं ते कळतं; पाठीवरची पिशवी मात्र शेवटच्या घोटापर्यंत काही सांगत नाही आणि मग एकदम कोरडी पडते. म्हणून दर विश्रांतीला कप्पा उघडून पाहायची शिस्त लावा, आणि सॅकमध्ये एक लिटरची भरलेली साधी बाटली राखीव ठेवा. ती फक्त ब्लॅडर संपल्यावर किंवा फुटल्यावर उघडायची.

ही राखीव पाण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावं, पाणी नसेल आणि जागा मोक्याची असेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये अशी ताकीद आहे. शेकडो माणसांच्या गडाला लागू पडणारा हा नियम एकट्या माणसाच्या सॅकलाही तितकाच लागू आहे.

किती प्यावं, केव्हा थांबावं

नळी तोंडाशी आहे म्हणून सतत पीत राहणं हीसुद्धा चूक आहे. उष्ण हवेत काम करणाऱ्यांसाठी सर्वसाधारण सल्ला दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर असा असतो, आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये असं बजावलं जातं. शरीरातलं मीठ घामातून जात असतं. त्या वेळी नुसतं पाणीच भरमसाट पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, झटके आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची शेवटी तपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी आढळलं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना हा धोका विशेष होता. पाण्याने वजन वाढतंय म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलं जातंय.

तहान, लघवीचा रंग आणि घड्याळ या तिघांना मिळून विचारावं. फिकट पिवळी लघवी म्हणजे ठीक, गडद म्हणजे कमी पडतंय, पाण्यासारखी आणि वारंवार होत असेल तर हात आवरा.

तीन-चार तासांच्या ट्रेकला वेगळं मीठ लागत नाही. चिवडा, खारे शेंगदाणे, लोणचं-पोळी यांतून ते मिळतं. पूर्ण दिवसाच्या, घामाच्या वाटेवर ओआरएसची पाकिटं जवळ असावीत. ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना सोडियमला बरोबर नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना हेच द्रावण तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. पाकीट मात्र त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालावं. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओतू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ओआरएस, सरबत किंवा कुठलंही गोड पेय ब्लॅडरमध्ये भरू नका. ते वेगळ्या बाटलीत करा. साखरेवर नळीत जंतू झपाट्याने वाढतात. शिवाय जखम धुवायला किंवा तापलेल्या माणसाच्या अंगावर ओतायला साधंच पाणी लागतं.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी पाठीवरचं पाणी पिण्यासाठी कमी आणि अंग थंड करण्यासाठी जास्त कामी येतं.

टाक्यातलं पाणी ब्लॅडरमध्ये भरताना

गडावरच्या टाक्याचं पाणी नितळ दिसलं म्हणून शुद्ध असतं असं नाही. माकडं, वटवाघळं, गुरं आणि माणसं, सगळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. आधी चार-आठ पदरी जुन्या सुती कपड्यातून ते गाळा. बांगलादेशातल्या गावांत अनेक पदरी घडी घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कॉलराचे जंतू पाण्यातल्या ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, ते साडीत अडकतात. पण गाळणं ही पहिलीच पायरी. त्यानंतर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापाने टाकून किमान अर्धा तास थांबा, किंवा पाणी खळखळ उकळून एक मिनिट उकळत ठेवा. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं. पोकळ तंतूंचे छोटे फिल्टर जिवाणू अडवतात. विषाणू मात्र त्यांतून निसटू शकतात. उकळलेलं पाणी कोमट झाल्यावरच ब्लॅडरमध्ये ओता, कडकडीत पाण्याने त्याचे सांधे सुटतात.

आणि पिण्याच्या टाक्यात पाय, भांडी, साबण, उष्टी बाटली यांपैकी काहीही जाऊ देऊ नका. आपल्यामागून येणाऱ्याला तेच पाणी प्यायचं आहे.

परत आल्यावर

हायड्रेशन बॅगा वापराने कमी आणि हयगयीने जास्त खराब होतात. ट्रेकहून येऊन सॅक कोपऱ्यात टाकली, पुढच्या महिन्यात उघडली, तर नळीत काळे ठिपके आणि कुबट वास. आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर धरतो आणि तो नुसत्या विसळण्याने जात नाही.

घरी आल्या दिवशीच उरलेलं पाणी झाडांना घाला. कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून पिशवी हलवा, नळीतून ते पाणी वाहू द्या, लांब पातळ ब्रशने नळी आतून घासा, बाइट व्हॉल्व्ह सुटा करून वेगळा धुवा आणि सगळं भरपूर पाण्याने विसळा. वास येत असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा. मग वाळवणं. पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत स्वच्छ छोटी रवी किंवा हँगर घाला आणि तोंड खाली करून टांगा. नळी पाणी झटकून सरळ लोंबत ठेवा. पावसाळ्यात काही केल्या वाळत नसेल तर धुतलेली, निथळलेली पिशवी आणि नळी फ्रीजरमध्ये ठेवून द्या. गोठलेल्या ओलाव्यात बुरशी वाढत नाही. नळी आणि व्हॉल्व्ह सुटे विकत मिळतात. ते कडक झाले, तडकले किंवा डाग जात नसले तर बदला. पिशवीच्याच आत डाग धरला असेल तर ती टाकून द्या.

हे सगळं करण्याची तयारी नसेल तर हायड्रेशन बॅग घेऊ नका. लोहगडासारख्या दोन-तीन तासांच्या फेरीला, वाटेत दर तासाला थांबणाऱ्या गटाला किंवा लहान मुलांबरोबरच्या सहलीला दोन स्टीलच्या बाटल्या पुरतात. त्या धुवायला सोप्या, फुटत नाहीत आणि त्यांत किती पाणी आहे ते कळतं. लांब चढ, हात गुंतवणाऱ्या कातळवाटा, सायकलवरचे घाट आणि डोंगरातलं धावणं यांसाठी मात्र ही पिशवी उत्तम साधन आहे. ती घ्या, नीट बसवा, धुऊन ठेवा. पण पुढच्या वेळी सॅक भरताना पाण्याचा आकडा आधी कागदावर लिहा, त्यात एक लिटर राखीव मिळवा, आणि वजन जास्त वाटलं तर दुसरं काहीही काढा, पाणी काढू नका.